उगवती-मावळतीची मुंबई आणि आपला कॅमेरा



आजचा विषय फलकावर लागला, तेव्हा एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांस वाटेत गाठले आणि विचारले, "अहो, आपल्या शिरूरला ना समुद्र, ना बंदर. मुंबईचा सूर्य छायाचित्रात कसा धरावा, हे ऐकून आम्ही काय करावे?" प्रश्न बिनतोड होता. तेव्हा प्रथम त्याचे उत्तर देतो आणि मग विषयाकडे वळतो.

पहिली गोष्ट अशी की, या मंडपात असे घर विरळा असेल, की ज्याचे कोणी ना कोणी मुंबईस नाही. लातूरहून रात्री सुटणारी गाडी आपली कितीतरी माणसे त्या शहरात नेऊन सोडते. दुसरी गोष्ट, पूर्वी कॅमेरा हे श्रीमंताचे खेळणे होते. आज तो फोनच्या रूपाने प्रत्येकाच्या खिशात आहे. आणि तिसरी गोष्ट, सूर्य एकच आहे. मुंबई आपल्या पश्चिमेस सुमारे चार रेखांशांवर आहे आणि एक रेखांश ओलांडण्यास सूर्याला चार मिनिटे लागतात. म्हणजे येथे अनंतपाळाच्या देवळाच्या परिसरात दिवस मावळला, की तोच सूर्य पाव तासाने मुंबईच्या समुद्रात उतरतो. हा पाव तास ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता मुंबईस डोंगरी शहर म्हणावे काय, असे कोणी विचारील. आपण बसलो आहोत ते बालाघाटाचे पठारच समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. त्यापुढे मलबार टेकडीची उंची ५० मीटरांच्या आसपास. आपल्याकडे तिला कोणी टेकाडच म्हणेल. परंतु डोंगराची उंची पायथ्यापासून मोजावी, आणि तेथे पायथ्याशी साक्षात समुद्र आहे. मुंबई मूळची सात बेटांची. मलबार, खंबाला, माझगाव, शिवडी, अँटॉप हिल या सगळ्या त्या बेटांच्या पाठी. त्यांपैकी काही टेकड्या फोडून, त्यांच्याच दगडमातीने मधल्या खाड्या भरून शहर एकसंध केले गेले. उत्तरेस राष्ट्रीय उद्यानात गेले, तर कान्हेरीचे डोंगर साडेचारशे मीटरांच्या वर चढतात. अंधेरीस गिल्बर्ट हिल हा काळ्या दगडाचा उभा सुळका दाट वस्तीच्या मधोमध उभा आहे. आपल्या शेतातील काळी माती ज्या दगडाची झाली आहे, त्याच जातीचा तो दगड. तेव्हा मुंबईशी आपले नाते नुसते पोटापाण्याचे नाही, दगडाचेही आहे.

या शहराचा विशेष असा, की ते उत्तर-दक्षिण पसरलेले एक चिंचोळे बोट आहे. पूर्वेस बंदर आणि पश्चिमेस खुला समुद्र. म्हणून तेथे सकाळ एका किनाऱ्याची आणि संध्याकाळ दुसऱ्या किनाऱ्याची. सूर्य बंदरापलीकडे, रायगड जिल्ह्याच्या डोंगररांगांवरून उगवतो आणि अरबी समुद्रात मावळतो. मरीन ड्राइव्हच्या कठड्यासमोर समुद्रातून सूर्य उगवताना दाखविणारे चित्र कोणी दाखविले, तर ते संध्याकाळचे आहे किंवा खोटे आहे, असे खुशाल समजावे.

आता या दोन वेळांच्या प्रकाशातच असे काय आहे, ते पाहू. सूर्याचा प्रकाश सर्व रंगांचा मिळून झालेला आहे. हवेतील सूक्ष्म कण त्यातील निळा भाग इकडेतिकडे अधिक उधळतात. तांबडा त्या मानाने कमी उधळला जातो. लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७१ साली याचा नियम मांडला. त्या हिशेबाने निळा प्रकाश तांबड्याच्या चौपटीहून अधिक विखुरतो. दुपारी सूर्य डोक्यावर असता त्याच्या किरणांना हवेचा एकच थर ओलांडावा लागतो. तोच सूर्य क्षितिजाला टेकला, की किरणांना त्याच्या तीस-चाळीसपट हवा कापून यावे लागते. निळा रंग वाटेतच सांडतो आणि आपल्यापर्यंत पोहोचतो तो पिवळा, नारिंगी आणि तांबडा. बाजारातून दुधाची घागर घेऊन गर्दीतून येणाऱ्याचे होते, तसे हे आहे: वाट लांबली की वरचे हिंदकळून जाते आणि तळाचे तेवढे घरी येते.

हवेत धूळ वा धूर असेल, तर हा खेळ आणखी रंगतो. १८८३ साली क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला. त्याची धूळ व वायू वातावरणात इतके उंच गेले, की पुढे कित्येक महिने जगात ठिकठिकाणी विलक्षण रक्तवर्ण संध्याकाळी दिसल्या. मुंबईत हिवाळ्याच्या पहाटे बंदरावर धुरके साचते आणि उगवता सूर्य त्यातून तांब्याच्या ताटासारखा, डोळ्यांस न खुपता दिसतो. पहिल्या पावसाने हवा धुऊन निघाली, की ढगांच्या फटीतून येणारे मावळतीचे ऊन निराळेच, लख्ख सोन्यासारखे असते. चित्रास कोणते चांगले, याचे उत्तर एकच नाही. पण दोन्ही ओळखता आली पाहिजेत.

या प्रकाशाचा दुसरा गुण रंगाहून मोठा आहे. दुपारचे ऊन वरून पडते. माणसाच्या डोळ्यांच्या खोबणीत सावली आणि कपाळावर झळाळी. सकाळ-संध्याकाळचे ऊन आडवे येते. ते भिंतीवरील प्रत्येक खाच, समुद्रावरील प्रत्येक लाट, चेहऱ्यावरील प्रत्येक सुरकुती बाजूने उजळते. सपाट दिसणाऱ्या वस्तूस त्याने उठाव येतो. आपल्या शेतकऱ्यास हे शिकवावयास नको. नांगरलेल्या रानाची तासे सकाळच्या उन्हात कशी मोजून घ्यावी अशी दिसतात, हे त्याने रोज पाहिलेले असते.

आता थोडा इतिहास. छायाचित्रणाची कला १८३९ साली जगापुढे आली आणि अवघ्या १५ वर्षांत, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या हिंदी सभासदांपैकी एक होते. त्या काळी काच ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि ती वाळण्यापूर्वी धुवावी लागे. शिवाय त्या काचेस निळा रंग फार दिसे आणि तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे जमीन नीट उठावी म्हणून वेळ दिला, की आकाश पांढरेफटक होऊन जाई. ज्या संध्याकाळच्या लालीसाठी मनुष्य समुद्रावर जातो, ती लालीच त्या काचेस ठाऊक नव्हती!

गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने यावर तोड काढली. १८५७ च्या सुमारास त्याने काही सागरचित्रांसाठी दोन काचा वापरल्या. एक आकाशासाठी, एक समुद्रासाठी. क्षितिजरेषेवर दोन्ही जुळवून त्याने एक चित्र केले आणि पाहणारे थक्क झाले. पुढे १८७३ साली जर्मनीत फोगेल याने काचेस रंगद्रव्य लावून हिरवा-पिवळा दिसू लागेल असे केले. मग तांबडाही दिसू लागला. आणि १९३५ साली कोडाक्रोमची रंगीत फिल्म निघाली. ती फिल्मही २००९ साली बंद झाली. मौज अशी, की आज आपला फोन संध्याकाळचे चित्र घेताना डोळ्याचे पाते लवते न लवते तोच चार-सहा चित्रे घेतो, एकातले आकाश आणि दुसऱ्यातली जमीन घेऊन त्यांची जुळणी करतो. म्हणजे ल ग्रेने अंधाऱ्या खोलीत बसून केले, तेच तो खिशात करतो आहे.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. डोळ्याने एकाच वेळी जे आकाश आणि जी जमीन पाहिली, ती चित्रात आणण्यासाठी अशी जुळणी करणे निराळे. आणि भलत्याच ठिकाणचे आकाश भलत्याच टेकडीवर बसविणे निराळे. हल्ली हे दुसरे काम फार सोपे झाले आहे. ज्यास दिशा कळतात, ऋतू कळतात, त्याला ही फसवणूक ओळखता येते; म्हणून दिशाज्ञान हे छायाचित्रकाराचे अर्धे शास्त्र आहे असे आम्ही मानतो.

आता प्रत्यक्ष मुंबईत कोठे उभे राहावे? सकाळी पूर्व किनारा धरावा. गेटवे ऑफ इंडिया ही कमान बंदराकडे तोंड करून उभी आहे. तिची पायाभरणी १९११ साली झाली आणि १९२४ साली ती खुली झाली. तिचा दगड पिवळसर आहे. उगवतीचे ऊन त्यावर पडले, की जणू दगडातूनच उजेड येतो आहे असे वाटते. तोच दगड बंदराच्या बाजूने संध्याकाळी पाहावा, तर निस्तेज. जवळच ससून गोदी आहे. ती १८७५ पासूनची. तेथे पहाटे मासळीचा बाजार भरतो. तेथील कोळिणी कामात असतात. त्यांची परवानगी विचारल्याशिवाय आणि गोदीचे नियम पाहिल्याशिवाय कॅमेरा काढू नये. दुसऱ्याच्या पोटाच्या धंद्याची वेळ ही आपल्या हौसेची वेळ नव्हे. उत्तरेस शिवडीच्या चिखलात हिवाळा-उन्हाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि २०२४ साली खुला झालेला अटल सेतू तेथूनच बंदर ओलांडून जातो.

संध्याकाळी पश्चिम किनारा. परंतु येथे एक गंमत आहे. सूर्य बरोबर पश्चिमेस मावळतो तो वर्षातून दोनदाच. आपल्या भागात तो हिवाळ्यात दक्षिणेकडे आणि उन्हाळ्यात उत्तरेकडे सुमारे पंचवीस अंश सरकतो. त्यामुळे चर्चगेटसमोर मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर डिसेंबरात बसावे, तर सूर्य खुल्या समुद्रात बुडतो. मेअखेर त्याच ठिकाणी बसावे, तर तो मलबार टेकडीच्या टोकाआड जातो. गिरगाव चौपाटीवर तर टेकडीच आडवी असते. तेथे समुद्रात बुडणारा सूर्य शोधणे व्यर्थ. पण टेकडीवरच्या दिव्यांची रांग आणि तिच्यामागचे केशरी आकाश पाहावयास तीच जागा उत्तम.

सकाळ आणि संध्याकाळ या दोहोंचा धडा एकाच जागी घ्यावयाचा, तर ओव्हल मैदानात जावे. मैदानाच्या पूर्वेस उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा राजाबाई मनोरा. हा मनोरा १८७८ साली पुरा झाला. प्रेमचंद रायचंद यांनी त्यास पैसा दिला आणि आपल्या आईचे नाव दिले. मैदानाच्या पश्चिमेस १९३० नंतर उभ्या राहिलेल्या, गोलसर सज्जांच्या इमारतींची ओळ. ती समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर आहे. सकाळचे ऊन पश्चिमेच्या ओळीवर पडते, संध्याकाळचे मनोऱ्यावर. मधल्या मैदानात मुले क्रिकेट खेळत असतात. २०१८ साली युनेस्कोने या दोन्ही ओळींना मिळून जागतिक वारशाचा मान दिला. बांधणाऱ्यांची पिढी वेगळी, शैली वेगळी. पण सूर्य दोघांसही आपापल्या पाळीने न्याय देतो.

वेळ कशी साधावी, याची एक घरगुती युक्ती सांगतो. हात सरळ लांब करून मूठ आडवी धरावी. मुठीची रुंदी आकाशात सुमारे दहा अंश भरते. सूर्य क्षितिजापासून एक मूठ वर असला, की मावळण्यास साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटे आहेत असे धरावे. तीच आपली कामाची वेळ. बिंब टेकल्यापासून बुडेपर्यंत दोन-सव्वादोन मिनिटेच मिळतात. त्यानंतरही घाई करून उठू नये. वीस-पंचवीस मिनिटे संधिप्रकाश राहतो आणि दिवे व आकाश यांचा उजेड सारखा होतो तो क्षण याच वेळात येतो. उत्तरेकडील देशांत हा संधिप्रकाश पुष्कळ लांबतो. आपल्याकडे तो लवकर आटोपतो. कॅमेऱ्याचा रंगाचा काटा दिवसाच्या उजेडावर ठेवावा, नाहीतर यंत्र संध्याकाळचा पिवळेपणा हा दोष समजून पुसून टाकते. आणि दूरची भिंगे लावून सूर्याकडे डोळा लावू नये. दृष्टी एकदा गेली की परत येत नाही.

आता आमची स्वतःची एक चूक सांगतो. या व्याख्यानाचे खरे कारण ती आहे.

रोलचा जमाना होता. एका रोलमध्ये ३६ चित्रे, आणि धुण्याचा खर्च अंगावर येई असा. हिवाळ्यात आम्ही मुंबईस गेलो ते कॅमेरा मागून आणून, आणि एकच रोल घेऊन. उतरलो ते नात्याने चुलते लागणाऱ्या एका गावकऱ्याकडे. ते गोदीत हमाली करीत. संध्याकाळी त्यांनाच बरोबर घेऊन मरीन ड्राइव्हवर गेलो. बोलता बोलता कळले, की मुंबईत एकवीस वर्षे काढूनही समुद्रात सूर्य बुडताना त्यांनी पाहिला नव्हता. त्यांचा समुद्र पूर्वेचा, आणि संध्याकाळ पाठीवरच्या पोत्याखाली गेलेली.

आम्ही कठड्यापाशी बसून सूर्यामागून सूर्य टिपू लागलो. पिवळा सूर्य, नारिंगी सूर्य, होडीमागचा सूर्य, खांबामागचा सूर्य. चुलते गप्प बसून पाहत होते. मध्येच म्हणाले, "गावाकडं आता दिवं लागले असतील." आम्ही शहाणपणाने रेखांशाचा हिशेब सांगितला, पाव तासाचा फरक समजावला. त्यांनी मान हलविली. मग हळूच म्हणाले, "बापू, सूर्य तर रोजचाच हाय. एक माझा काढ की. घरी पाठवाया हुईल."

खरे सांगतो, आम्हांस ते जिवावर आले. शेवटचे एकच चित्र उरले होते आणि बिंब पाण्यास टेकले होते. भिडेखातर आम्ही सूर्याकडे पाठ केली, त्यांच्याकडे कॅमेरा वळविला आणि बटण दाबले. ते कॅमेऱ्याकडे पाहतही नव्हते. मावळतीकडे पाहत होते. तो आडवा तांबूस उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता आणि मागे शहराच्या खिडक्या एकामागून एक पेटत होत्या.

वर्ष उलटण्याच्या आत चुलते मुंबईतच वारले. गावी त्यांच्या घरी त्यांचे एकही चित्र नव्हते. काकूंनी निरोप धाडला, "तू एक काढला होतास म्हणतात." ते एकच चित्र मोठे करून आम्ही दिले. आजही ते त्या घराच्या सोप्यात टांगलेले आहे आणि त्यांची नातवंडे आजोबा म्हणून त्याकडेच बोट दाखवितात. उरलेली ३५ सूर्यबिंबे आमच्या पेटीत पडून आहेत. त्यांची चौकशी करण्यास आजवर कोणी आले नाही.

बंधु-भगिनींनो, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यास अधिक उमगेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती. लोक विसर्जन करून निजले होते. हजारो माणसे उठलीच नाहीत. त्या दिवशीही सूर्य उगवला आणि त्याचे ऊन ढिगाऱ्यांवर तसेच आडवे पडले. मागे राहिलेल्या कितीतरी माणसांस मातीत शोधावे लागले ते दागिने नव्हेत, तर गेलेल्याचा एखादा फोटो. ज्यास तो मिळाला नाही, त्याच्यापुढे निसर्गसौंदर्याच्या गोष्टी बोलताना आमची जीभ अडखळते.

म्हणून सूर्य टिपू नये, असे आमचे म्हणणे नाही. तो अवश्य टिपावा. पण सूर्यास्त ही केवळ पाहण्याची वस्तू नाही, तो एक दिवा आहे. आणि दिवा लावला की आपण दिव्याकडे पाहत बसत नाही, त्याच्या उजेडात काय दिसते ते पाहतो. मुंबईस जाल, तेव्हा एक चित्र समुद्राचे घ्या आणि मग वळून उभे राहा. कठड्यावर कणीस भाजणारा असेल, कामावरून परतणारी नर्स असेल, तुमचाच भाऊ असेल. त्याच्या तोंडावर तोच सूर्य आहे, आणि मागे ती टेकडी आणि ते शहरही आहे. होमाई व्यारावाला या बाईंनी १९३० नंतरच्या दशकात मुंबईच्या रोजच्या जगण्याची चित्रे घेतली. पुढे त्या देशाच्या पहिल्या स्त्री-वृत्तछायाचित्रकार म्हणून नावाजल्या. रघुवीर सिंग यांनी १९९४ साली मुंबईवर रंगीत चित्रांचे पुस्तक काढले. ही मंडळी मोठी झाली ती माणसांकडे पाहिल्यामुळे.

आणि ज्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांस वाटेत अडविले, त्यांना शेवटी एवढेच सांगतो, की सरावासाठी मुंबईस जाण्याचे कारण नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या जिल्ह्यास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यातील आपण माणसे. भरलेले पाणी दिसले की आपली पावले आपोआप थबकतात. घरणीचा किंवा साकोळचा तलाव भरला, की एका पहाटे तेथे जावे. पाण्यापलीकडून सूर्य वर येईल. त्याचे एक चित्र घ्यावे. मग त्याच्याकडे पाठ करून, बरोबर आणलेल्या म्हाताऱ्या आईस किंवा वडिलांस त्या उजेडात उभे करावे आणि दुसरे चित्र घ्यावे. पहिले चित्र चुकले तरी चालेल. सूर्य उद्या पुन्हा येणार आहे.